जीपचे शॉकअप बदलायचे आहेत? आधी टेप घ्या, मग पाकीट उघडा



या अंकात शेळीपालन नाही, मसाला उद्योग नाही, बँकेचं कर्जही नाही. या वेळी मी गाडीच्या एका भागाबद्दल लिहिणार आहे. "हे पुरुषांचं काम, ड्रायव्हर दादा बघतील" म्हणून पान उलटू नका. गाडी संघाची आहे आणि पैसा आपल्या बचतीचा आहे. त्यात बसून दूध, तांदूळ, हिरडा आणि आपली माणसं जातात. मग तिच्यात काय घालायचं हे आपल्याला कळायलाच पाहिजे.

आपल्या संघाची जुनी महिंद्रा जीप तुम्हाला माहीत आहे. चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर-व्हील. वरच्या वाड्यांना जाताना पावसाळ्यात ओढा ओलांडायचा, चिखलाचा चढ चढायचा, तर तीच लागते. गेल्या पावसाळ्याआधी आपण तिचे चारही शॉकअप बदलले. दिवाळी यायच्या आत मागच्या डाव्या शॉकअपची खालची कडी तुटली आणि उजव्यातून तेल गळायला लागलं. जीप आठ दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली. वरच्या वाड्यांचं दूध खाली आलं नाही. एका ताईला तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात न्यायचं होतं, तिचे दिवस भरत आले होते. तिला दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून जावं लागलं. ती सुखरूप पोचली, पण त्या दिवशी मला फार लाज वाटली.

लाज वाटायचं कारण सांगते. ते बिल सभेत ठेवलं तेव्हा एका मावशींनी विचारलं होतं, "अगं, हेच का घ्यायचे? दुसरे नसतात का?" मी म्हणाले, "मावशी, मिस्त्रींना कळतं." सह्या झाल्या. प्रश्न बरोबर होता, उत्तर माझं चुकलं. नंतर मी मिस्त्री काकांजवळ बसून, गाडीखाली वाकून, टेप लावून हे सगळं समजून घेतलं. तेच आता तुम्हाला सांगते.

शॉकअप नक्की काय करतो?

जुन्या जीपचं वजन शॉकअप पेलत नाही. वजन पेलतात ते पाटे. एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या चाकाच्या आसाजवळ दिसतात ना, तेच पाटे. चाक दगडावर चढलं की पाटा दाबला जातो, मग उसळी मारून परत येतो, परत दबतो. अंगणातल्या झोपाळ्यासारखं. एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. कुणी जमिनीला पाय घासला की थांबतो. गाडीत हा पाय घासायचं काम शॉकअप करतो.

हे तो कसं करतो? आत तेल भरलेली नळी असते. तिच्यात एक दांडा वरखाली होतो आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोकं असलेला दट्ट्या असतो. तेलाला त्या भोकांतून जायला वेळ लागतो. दवाखान्यातली सिरिंज पाण्याने भरून हळू दाबली तर सहज दबते, जोरात दाबली तर हाताला विरोध होतो. अगदी तसंच. उसळी जितकी जोराची, तितका विरोध जास्त. उसळीची ताकद तेल गरम करण्यात खर्च होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट किंवा गरम लागतो.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, गाडी मागून खाली बसली असेल तर तो दोष पाट्यांचा आहे. शॉकअप बदलून ती वर येणार नाही. दुसरी, कडक शॉकअप घातले म्हणून जास्त माल भरता येत नाही. गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच.

शॉकअप गेलेत हे कसं ओळखायचं?

• नळीवरून तेलाचा ओघळ आलाय. नुसता ओलसर धुळीचा थर असेल तर घाबरू नका. पण ओघळ किंवा थेंब असेल तर आतलं सील गेलं.
• खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोनतीनदा डोलत राहते. ब्रेक मारला की नाक फार खाली जातं.
• खडबडीत वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो, चाक टणटण उडतं.
• टायर सगळीकडे सारखा न झिजता टप्प्याटप्प्याने झिजलाय. हात फिरवला की उंचसखल लागतो.
• खराब रस्त्यावरून येऊन गाडी थांबवल्यावर तीन शॉकअप कोमट आणि एक गारच. गार आहे तो काम करत नाही. हात लावताना सायलेन्सरपासून दूर राहा, आणि आधी बोटाचं टोक लावून बघा.

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि किती डोलते ते बघायचं, ही तपासणी पुष्कळ जण करतात. पाट्यांच्या जुन्या जीपला तिचा उपयोग कमी. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे शॉकअप गेला असला तरी गाडी लवकर थांबते आणि आपण फसतो. खरी परीक्षा शॉकअप काढून हातात धरून होते. उभा धरून दांडा ओढायचा आणि दाबायचा. दोन्हीकडे सलग विरोध लागला पाहिजे. मध्येच दांडा सटकन मोकळा गेला तर तो बाद.

अजून एक. स्टिअरिंग थरथरतं म्हणून शॉकअप बदलू नका. आधी चाकाचे बेअरिंग, टाय रॉडचे सांधे, किंग पिन, पाट्यांचे बुश आणि टायरची हवा बघायला सांगा. नव्या शॉकअपने ती थरथर थोडे दिवस दबते, पण आजार तसाच राहतो.

बाजारात कोणते प्रकार मिळतात?

पहिला, साधा तेलाचा. यात एकात एक अशा दोन नळ्या असतात. स्वस्त आणि मऊ चालतो, आपल्या जीपला मुळात हाच होता. अडचण एकच. दगडी रस्त्यावर सलग तासभर चालवला की तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो. फेसाला विरोध कमी. म्हणजे घाट उतरता उतरता शॉकअप ढिला पडतो आणि गार झाला की परत बरा होतो. ड्रायव्हर दादा म्हणायचे, "सकाळी बरी असते, दुपारी नाचते." त्याचं कारण हे.

दुसरा, गॅसचा, दोन नळ्यांचा. आत तेलच असतं, पण हवेच्या जागी कमी दाबाने नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्या दाबामुळे तेलाला लवकर फेस येत नाही. पट्टा कापला की याचा दांडा आपोआप हळूहळू बाहेर येतो, ही त्याची खूण. तेलाच्यापेक्षा थोडा महाग आणि थोडा कडक.

तिसरा, एका नळीचा जास्त दाबाचा गॅसवाला. याची नळी सरळ वाऱ्याला लागते म्हणून लवकर गार होतो आणि काम फार चांगलं करतो. पण महाग. शिवाय नळी एकच असल्यामुळे दगड लागून पोचा पडला तर आतला दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरच्या नळीवर छोटा पोचा पडला तरी तो बहुधा चालत राहतो.

मग आपल्यासाठी कोणता? गाडी गावातल्या गावात, डांबरी रस्त्यावर, थोडं अंतर चालत असेल तर साधा तेलाचा पुरे. रोज वरच्या वाड्यांचा दगडी रस्ता, माणसं आणि माल दोन्ही, असं असेल तर दोन नळ्यांचा गॅसवाला घ्यावा. आपल्या जीपला आता हेच बसवलेत. तिसरा प्रकार आपल्या कामाला आणि खिशाला जास्त होतो.

चौथाही एक प्रकार आहे, तो कुणी 'प्रकार' म्हणत नाही. "ताई, जुनाच भरून देतो, निम्म्यात काम." म्हणजे नळी कापायची, तेल घालायचं, परत वेल्डिंग करायचं. आतला झिजलेला दट्ट्या आणि झडपा तशाच राहतात, तेलही कोणतं घातलं ते कळत नाही. ज्या गाडीत माणसं बसतात तिला हे करू नका. गॅसच्या शॉकअपला तर वेल्डिंग किंवा भोक पाडणं धोक्याचं आहे, आत दाब असतो.

आपली चूक कुठे झाली? मापात

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वर्षी कंपनी चांगली होती, माल नवा होता, बिलही पक्कं होतं. तरी कडी तुटली. कारण लांबी चुकली.

आपल्या जीपला माल जास्त म्हणून आधीच्या मालकाने मागे एक पाटा वाढवला होता. त्यामुळे ती मूळ उंचीपेक्षा उंच उभी राहते. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून मूळ गाडीचे शॉकअप दिले. उंच गाडीला ते आखूड पडले. आपण ओढ्यात उतरलो की एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात लोंबतं. लोंबणारं चाक खाली जायचं आणि आखूड शॉकअप पूर्ण ताणला जाऊन झटका खायचा. रोज असे किती झटके! शेवटी कडी तुटली.

माप कसं घ्यायचं ते बघा. गाडी सपाट जागी, चाकांवर उभी. जॅकवर चढवलेली नाही. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, चाकांना दगड लावलेले. आता शॉकअपच्या वरच्या जोडाच्या मध्यापासून खालच्या जोडाच्या मध्यापर्यंत टेप लावा. हे झालं उभं माप. रिकामी असताना एकदा घ्या, नेहमीचा माल भरून एकदा घ्या.

प्रत्येक शॉकअपची दोन मापं असतात: पूर्ण दाबल्यावरची आणि पूर्ण ताणल्यावरची. समजा आपलं उभं माप ४० सेंमी आहे. दाबल्यावर ३० आणि ताणल्यावर ५० असा शॉकअप घेतला तर दोन्हीकडे १० सेंमी जागा मिळते. पण गाडी ५ सेंमीने उंच केलेली असेल तर उभं माप ४५ च्या आसपास होईल. तोच ५० चा शॉकअप घातला तर खाली जायला फक्त ५ सेंमी उरतात. आपलं असंच झालं.

उलट चूकही होते. "मग लांबच घेऊ" म्हणून फार लांब घेतला तर तो दाबल्यावर पुरेसा आखडत नाही. आसाच्या वर चासीला एक रबरी गुटका असतो. चाक फार वर आलं की आस त्या गुटक्यावर टेकून थांबतो. शॉकअप पूर्ण दाबला जायच्या आधी गुटका टेकलाच पाहिजे, नाहीतर सगळा मार शॉकअप खातो आणि आतून फुटतो. म्हणून आस आणि गुटका यांच्यातलं अंतरही मोजा. समजा ते ७ सेंमी आहे आणि उभं माप ४० आहे. चाक पूर्ण वर आल्यावर शॉकअपला साधारण ३३ सेंमी जागा राहील. रबरही थोडं दबतं, म्हणून दाबल्यावरचं माप ३३ पेक्षा दोनतीन सेंमीने कमी हवं.

लांब शॉकअप घेतला की चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबतं. तेव्हा ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हे मिस्त्रींना नक्की बघायला सांगा.

जोडाचा प्रकारही बघा. काहींना दोन्हीकडे कडी असते, काहींना एका बाजूला आटे पाडलेली उभी पिन. कडीच्या आतलं भोक किती मिलिमीटरचं, बुश किती रुंद, तेही लिहा. पुढचे आणि मागचे वेगळे असतात, अदलाबदल करू नका. "जीप म्हणजे जीप" म्हणून बोलेरोचे किंवा थारचे पुढचे शॉकअप कुणी देऊ केले तर घेऊ नका. जुन्या एमएम ५४० सारख्या जीपला चारही बाजूंना पाटे असतात, त्या गाड्यांचं पुढचं बांधकामच वेगळं.

कडक घ्यावा की मऊ?

दादा लोक म्हणतात, "कडक टाका, एक नंबर." खरं तर फार कडक शॉकअप असला की रिकामी गाडी दगडावर चाक उचलते. चाक हवेत असलं की ना ब्रेक लागतो, ना चढायला पकड मिळते. फोर-व्हील असून उपयोग काय मग? शिवाय सगळा हादरा शॉकअपच्या जोडावर जातो आणि तिथे चासीला तडे जातात. दुधाचे कॅन, टोमॅटोचे क्रेट आणि पोटुशी ताई, कुणालाच तो हादरा नको.

फार मऊ घेतला तर वाढवलेल्या पाट्याची उसळी त्याला आवरत नाही. म्हणून दुकानात तीन गोष्टी सांगा: पाटे किती आहेत, महिन्यात किती फेऱ्या भरलेल्या आणि किती रिकाम्या, रस्ता कसा. बहुतेक दिवस गाडी कशी चालते त्याला धरून घ्या. वर्षातून दोनदा होणाऱ्या जास्तीच्या मालाला धरून नको.

खरेदी करताना

आपण बी-बियाणं घेताना तीन कोटेशन घेतो, इथेही घ्यायची. पण तिन्ही कोटेशन एकाच वस्तूची हवीत. एकाने तेलाचा भाव दिला आणि दुसऱ्याने गॅसचा, तर तुलना होत नाही. कोटेशनवर कंपनी, पार्ट नंबर, प्रकार, दाबल्यावरचं आणि ताणल्यावरचं माप, बुश सोबत आहेत का, गॅरंटी किती आणि मजुरी वेगळी की धरून, एवढं लिहून घ्या.

एमएम ५४० सारख्या जुन्या जीपा आता कारखान्यातून निघत नाहीत. पण रस्त्यावर भरपूर आहेत, त्यामुळे माल मिळतो. आपल्या राज्यातच चाकण आणि नाशिकला गॅब्रिएल कंपनीचे शॉकअपचे कारखाने आहेत, म्हणजे चांगल्या मालासाठी परदेशी पेटीच लागते असं नाही. नावाची नक्कल मात्र होते. खोक्यावर आणि वस्तूवर पार्ट नंबर सारखा आहे का, छापील किंमत आहे का, छपाई पुसट तर नाही ना, ते बघा. जीएसटीचं पक्कं बिल संघाच्या नावाने घ्या, कारण बिलाशिवाय गॅरंटी मागता येत नाही.

एकटा शॉकअप बदलू नका. पुढचे दोन एकत्र, मागचे दोन एकत्र. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला ढिला असला की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. पैसे कमी असतील तर आधी एक जोडी आणि पुढच्या महिन्यात दुसरी, असं चालेल.

बसवताना एक ताई तिथे हजर राहा

• तेलाचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, नळीत हवा शिरलेली असते. बसवण्याआधी उभा धरून पाचसहा वेळा पूर्ण दाबायचा आणि ताणायचा.
• चकचकीत दांडा पकडीने धरू द्यायचा नाही. ओरखडा पडला की सील फाटतं आणि तेल गळतं.
• बुश, वायसर आणि नट नवे घालायचे. जोडाच्या जागी चासीला तडा आहे का, ते कापडाने पुसून बघायचं.
• कडीच्या बुशचे नट गाडी चाकांवर खाली आल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो.
• आठवड्याने नट परत तपासायचे.
• जुने शॉकअप परत मागून घ्यायचे आणि भंगारात द्यायचे. चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत कधीही टाकायचे नाहीत.

पुढच्या सभेत काय करायचं?

ज्या ग्रामसंघाकडे किंवा गटातल्या ताईकडे गाडी आहे, त्यांनी एक वही करा. त्यात चारही चाकांची उभी मापं, गुटक्याचं अंतर, जोडाचा प्रकार, बदलल्याची तारीख, पार्ट नंबर आणि बिल नंबर लिहा. रोखवहीइतकीच जपा. ड्रायव्हर बदलला, मिस्त्री बदलले, समन्वयक म्हणून मी बदलले, तरी वही संघाकडे राहील.

त्या मावशींनी या वेळी खरेदी समितीत स्वतः नाव दिलं. दुकानात दुकानदार म्हणाला, "ताई, डोळे झाकून घ्या." मावशींनी पिशवीतून टेप काढली आणि म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून घेते. जरा ताणून दाखवा." त्याने ताणला. मावशींनी मोजला आणि दोन सेंमी कमी भरला म्हणून परत केला. दुसरा मागवायला चार दिवस लागले. चार दिवस गाडी थांबली, पण या वेळी कुणाची तक्रार आली नाही.

आता पुन्हा पाऊस जवळ आलाय. वरच्या वाड्यांचा रस्ता बंद व्हायच्या आत आपापल्या गाड्यांखाली एकदा वाकून बघा. काही अडलं तर मासिक सभेत विचारा. "मिस्त्रींना कळतं" असं मी आता म्हणणार नाही, आपण मिळून बघू.

तुमची,
क्षेत्रीय समन्वयक